अखंड त्वचेखालील दाबक्षत : परिचर्येतील एक प्रश्न

शय्याव्रण त्वचेवर सुरू होतो आणि क्रमाने खोल जातो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. सर्वच दाबक्षते या क्रमाने उद्भवत नाहीत, हे आता मान्य झाले आहे. अमेरिकेतील दाबव्रणविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २००७ साली ‘संशयित खोल ऊतिक्षती’ हा प्रकार आपल्या वर्गीकरणात समाविष्ट केला. २०१६ साली त्यास ‘खोल ऊतींचे दाबक्षत’ ही संज्ञा देण्यात आली.

शरीराचा भार अस्थीच्या उंचवट्यावर पडला असता ताण त्या अस्थीलगत अधिक साठतो. तेथील स्नायू त्वचेपेक्षा अधिक नाजूक असल्याने प्राणवायूचा अभाव व पेशींची विकृती त्यास कमी सोसते. कोसिआक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या, कुत्र्यांवरील प्रयोगांत अल्पकाळ दिलेला तीव्र दाब व दीर्घकाळ दिलेला सौम्य दाब हे दोन्ही घातक ठरले.

आत झालेली ही हानी वर्णरूपाने त्वचेवर प्रकट होण्यास साधारणतः ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून आज टाचेवर वा त्रिकास्थीवर दिसणारा जांभळट डाग आजच्या शय्येचा परिणाम असेलच असे नाही. त्याचे मूळ दोन दिवसांपूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा घरी जमिनीवर निश्चेष्ट पडून राहण्यातही असू शकते. तो साधा मुका मार समजून रुग्णास पुन्हा त्याच अंगावर निजविले, तर उरलेली जिवंत ऊतीही नष्ट होण्याचा धोका असतो.

बोटाने दाबूनही न फिकटणारा गडद लाल, तपकिरी-लाल वा जांभळा वर्ण, अथवा रक्ताने भरलेला फोड, ही याची प्रमुख लक्षणे होत. वेदना व तापमानातील फरक पुष्कळदा वर्णबदलापूर्वीच जाणवतात. सावळ्या त्वचेवर लाली सहज ओळखू येत नाही. सबब भारतीय रुग्णांच्या बाबतीत स्पर्शपरीक्षेस विशेष महत्त्व आहे. लगतच्या त्वचेशी तुलना करून तो भाग उष्ण, थंड, कठीण किंवा लिबलिबीत लागतो काय, हे पाहावे.

उपचाराचे पहिले सूत्र म्हणजे त्या जागेवरील भार पूर्णपणे काढणे. रुग्णास सुमारे ३० अंशांच्या कलत्या कुशीवर ठेवावे. प्रकृतीस मानवत असल्यास उशाकडील भागही ३० अंशांहून अधिक उचलू नये. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा शय्येपासून अधांतरी राखाव्यात. सरकविताना रुग्णास ओढू नये, उचलावे. डागावर मर्दन करू नये, फोड फोडू नये व रबरी कडे वापरू नये. पोषण व त्वचेची शुष्कता यांकडेही लक्ष असावे.

डागाचे स्थान, आकारमान, वर्ण व स्पर्श यांची नोंद प्रवेशसमयी आणि नंतर प्रत्येक पाळीत व्हावी. तीबरोबर मागील तीन दिवसांतील रुग्णाच्या स्थितीचा वृत्तांतही जोडावा. काही क्षते ऊतिनाश न होता विरतात, तर काही उत्तम परिचर्या असूनही झपाट्याने उघडतात. अशा वेळी पूर्वीची नोंद नसेल, तर क्षत कोठे व केव्हा झाले हे ठरविता येत नाही आणि त्याचे कारणही तसेच राहून पुढील रुग्णास बाधते.