कापला सातारा, निघाली सांगली

बेचाळीसच्या चळवळीतलं साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, कुणाला ठाऊक नाही? आता त्याची गावं नकाशावर शोधा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र? सांगली जिल्ह्यात. कुंडल? तेही सांगलीतच. गावं जागची हलली नाहीत, जिल्हा हलला. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा दक्षिणेकडं गेले, जोडीला सांगली, मिरज, जत हा संस्थानी मुलूख आला. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि उत्तरेनं आपलं ‘उत्तर’ टाकून दिलं.

म्हणजे मधली अकरा वर्षं नुसता ‘सातारा’ नावाचा जिल्हाच नव्हता! मग जुना गेला कुठं? एका वस्तूच्या दोन झाल्या तर मूळची कोणती, यावर तत्त्वज्ञांचे अजून वाद चालतात. सरकारनं तो कागदावर मिटवला: सातारा शहर ज्याच्याकडं, नाव त्याचं. प्रतिसरकारवर मात्र दोघांनीही खुशाल हक्क सांगावा. घर वाटलं म्हणून आजोबा वाटले जात नाहीत.

एक झाड की शंभर?

जावळी तालुक्यात वैराटगडाजवळ म्हसवे नावाचं गाव आहे, जुनं नाव वडाचं म्हसवं. १८८२ मध्ये तिथला वड मोजला गेला: दक्षिणोत्तर ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट, घेर १,५८७ फूट. एवढ्या पसाऱ्यात पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं होतात. मोजणारानं ‘एक’ कशाच्या जोरावर लिहिलं? खोडावरून म्हणाल, तर कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड बघा. बुरशीनं पोखरलेलं त्याचं मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी झाड पसरतच आहे. पर्यटक ‘मूळ खोड कुठाय?’ विचारतात आणि त्यांना मोकळी जागा दाखवली जाते.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, हा प्रश्न कापडावर सोडवला होता. कापड म्हणजे धाग्यांची नुसती बेरीज नव्हे, धाग्यांत राहणारी ती वेगळीच वस्तू. पण हिशेब कडक: एक धागा उपसला की जुनं कापड संपलं, उरलं ते नवं. बौद्धांना हे मान्य नव्हतं. धाग्यांपलीकडं कापड नाहीच, हे त्यांचं म्हणणं. वडाच्या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूनं, पण तो धाग्याचा नियम मात्र नको. नाहीतर दर पानगळीला नवा वड!

पाय टेक्सासचे

तासगावच्या द्राक्षबागेत आधी ‘डॉग्रीज’ची रोपं लावतात. ही मुळं टेक्सासकडच्या रानटी वेलीची. त्यावर कलम भरतात ते थॉमसन सीडलेस किंवा तिच्या एखाद्या बहिणीचं. बी नाही, म्हणून वेल वाढते ती काडीवरूनच. त्या हिशेबानं जगभरच्या थॉमसनच्या बागा म्हणजे एकाच वेलीचा न संपणारा विस्तार. त्यातलीच एक फांदी तासगाव तालुक्यात वेगळी निघाली, वसंतराव आर्वे यांनी ती हेरली आणि ‘तास-ए-गणेश’ ही जात झाली. नावातलं ‘तास’ तासगावचं, ‘ए’ आर्व्यांचा. मुळं परकी, काडी परदेशी, तरी बेदाण्यावर भौगोलिक मानांकन सांगलीचं. योग्यच आहे. बेदाणा माती, ऊन आणि कष्टांवर होतो, वंशावळीवर नाही.

भोक ही वस्तू आहे का?

डेव्हिड आणि स्टेफनी लुईस या तत्त्वज्ञ जोडप्यानं १९७० मध्ये चीजच्या भोकांवर एक संवाद लिहिला: ती भोकं ‘आहेत’ की नाहीत? हरिपूरच्या माणसाला हा प्रश्न पडला नसता. सांगलीजवळच्या या गावात हळद साठवायची ती जमिनीतल्या पेवांत. पेव म्हणजे मातीत राखलेली पोकळी, बाकी काही नाही. रिकामं असलं तरी पेव, हळदीनं गच्च भरलं तरी पेव, म्हणजे पोकळी उरली नाही तरीही! २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. जे ‘नाही’ तेच बुडालं, आणि नुकसान मात्र खरं झालं.

मिरजेच्या तंबोऱ्याचं कोडं त्यामानानं सोपं. तारा बदला, जवारी पुन्हा काढा, तंबोरा तोच. भोपळा बदलला तर? वादकाला विचारा, आवाजावरून तो सांगेल.

याच्या नेमकं उलटं वाघनखांचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला मिळाल्याचा मजकूर आहे. अफझलखानावर चालवली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. पोलाद कितीही तपासा, उत्तर त्यात नाही. ती नखं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, त्यात आहे.

या सगळ्यावर घरात वाद पेटलाच तर दोन्ही पक्षांना वाईला पाठवा. तिथं प्राज्ञपाठशाळा आहे, मराठी विश्वकोशाचं काम तिथंच उभं राहिलं, आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी हे पदवीनंच तर्कतीर्थ होते.