पदवी गावाकडे येते तेव्हा...

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणी हा पट्टा कमी पावसाचा म्हणून ओळखला जातो. याच तालुक्याचे पश्चिम टोक भीमाशंकरच्या डोंगरात आहे आणि तेथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. या दोन टोकांवरची मुले मंचर किंवा घोडेगावच्या महाविद्यालयात एका बाकावर बसतात, तीन वर्षे शिकतात आणि बी.ए. होतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात जुन्नर, ओतूर, नारायणगाव येथील महाविद्यालयांचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. पदवी हाती घेण्याचा क्षण मात्र यांतील बहुतेकांच्या वाट्याला पूर्वी येत नसे. समारंभ पुण्याला, विद्यापीठाच्या आवारात होत असे. प्रमाणपत्र टपालाने येई किंवा कोणीतरी खिडकीवरून घेऊन येई. गेल्या दशकात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवी प्रमाणपत्रे संलग्न महाविद्यालयांतून समारंभपूर्वक देण्याची पद्धत रूढ केली आणि हा सोहळा तालुक्याच्या गावी आला. या बदलाचा अर्थ काय आणि त्यातून नेमके काय साधते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पदवी देते कोण?

आपल्याकडे महाविद्यालय शिकवते, परंतु पदवी देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. स्वायत्तता मिळालेली महाविद्यालये स्वतःचा अभ्यासक्रम आखतात आणि स्वतःची परीक्षा घेतात. तरीही त्यांच्या पदवीपत्रावर विद्यापीठाचीच मुद्रा असते. त्यामुळे मंचर वा जुन्नरच्या सभागृहात प्राचार्यांच्या उपस्थितीत प्रमाणपत्र दिले जाते, तेव्हा ते विद्यापीठाच्या वतीने दिले जाते.

ही रचना आपण १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उचलली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे आरंभी केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती. अध्यापन महाविद्यालयांकडे होते. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे ते चौघे होते. पदवीधरांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता येत होती, तोवर सर्वांना एका दालनात बोलावणे अवघड नव्हते. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि बॅरिस्टर मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा पसारा या विद्यापीठाशी जोडलेला आहे. एवढ्या पदवीधरांना एका मांडवात सामावून घेणे अशक्य झाले आणि विकेंद्रीकरणाचा मार्ग स्वीकारावा लागला. मुख्य समारंभ विद्यापीठात होतच राहिला. सुवर्णपदके आणि पीएच.डी. यांचा मान तेथे. इतरांची पदवी त्यांच्या त्यांच्या महाविद्यालयात.

अमेरिकेतील लहान कला महाविद्यालयांची रीत याहून निराळी आहे. तेथे पुष्कळ महाविद्यालये स्वतःच पदवी देतात. हजार-दोन हजार विद्यार्थ्यांच्या अशा संस्थेत समारंभाच्या दिवशी प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचले जाते आणि त्याला शिकवणारे अध्यापकच त्याच्या समोर बसलेले असतात. त्या समारंभाला तिकडे ‘कमेन्समेंट’ म्हणजे आरंभ म्हणतात. आपला शब्द ‘दीक्षान्त’. एकाच दिवसाला एका समाजाने शेवट म्हटले, दुसऱ्याने सुरुवात. अर्थात आपल्या परंपरेतही निरोपाच्या वेळी पुढच्या आयुष्याचा विचार होताच. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला आचार्य उपदेश करतात, तो पुढे कसे वागावे याविषयीचाच आहे.

झगा, पगडी आणि उपरणे

समारंभाचे बाह्य रूप हा आपल्याकडे वादाचा विषय ठरला आहे. काळा झगा आणि चौकोनी टोपी हा मध्ययुगीन युरोपातील धर्मोपदेशकांच्या वेषाचा वारसा. तो इंग्रजांबरोबर येथे आला. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरवला आणि तो वसाहतकाळाचा अवशेष असल्याचे सांगितले. पुढे २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभासाठी हातमागाच्या कापडाचा विचार करावा, असे विद्यापीठांना सुचवले.

पुणे विद्यापीठानेही झगा सोडून भारतीय वेष स्वीकारला. तेव्हा डोक्यावर काय, हा प्रश्न आला. जानेवारी २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी असावी की महात्मा फुले यांची पगडी, यावरून विद्यार्थी संघटनांमध्ये वाद झाला. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. पगडी कोणाची, या प्रश्नामागे ज्ञानाचा वारसा कोणाचा, हा प्रश्न होता. जुन्नर-आंबेगावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला तो पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

पदवीच्या नावांचाही असाच विचार एकदा झाला होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ मध्ये हिंगण्याच्या कार्यातून महिला विद्यापीठ उभे केले. महाविद्यालयाचा आरंभ अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी झाला. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते आणि पदवीचे नाव ‘बी.ए.’ नव्हते, ‘गृहीतागमा’ असे होते. शास्त्र आत्मसात केलेली, असा त्याचा अर्थ. त्या वेळी सरकारमान्यता नव्हती, म्हणून या पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत थोडी. तरीही मुली ती घेत राहिल्या. पदवीचे मोल केवळ सरकारी शिक्क्यावर अवलंबून नसते, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेले आहे.

कला शाखेचे वैभव आणि तिची उपेक्षा

‘लिबरल आर्ट्‌स’ हा शब्द गेल्या दोन दशकांत पुण्यात प्रतिष्ठा पावला. लवळे परिसरात आणि शहरातही या नावाने चालणाऱ्या खासगी संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे शुल्क लाखांच्या घरात आहे. मूळ कल्पना जुनी आहे. प्राचीन युरोपात व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या मानल्या जात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला देऊन बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. गंमत अशी, की तालुक्याच्या गावी इतिहास, भूगोल, मराठी, अर्थशास्त्र शिकवणारी कला शाखा हेच शिक्षण स्वस्तात देत आली आहे. तिला मात्र कोणी ‘लिबरल’ म्हणत नाही. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून घेतलेली शाखा, अशी तिची ओळख झाली आहे.

वस्तुतः या दोन तालुक्यांइतकी समृद्ध प्रयोगशाळा शहरातल्या संस्थेला मिळणे कठीण. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जुन्नरभोवतीची लेणी घराजवळ आहेत. भूगोलाच्या विद्यार्थ्याला घोड नदीवरचे डिंभे धरण, त्याखाली गेलेले जुने आंबेगाव, त्याच्या पाण्याने बदललेली शेती आणि ते पाणी न पोहोचलेली गावे, हा सारा पट एका दिवसात पाहता येतो. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. डोंगर-उताराचा अभ्यास येथे जीवन-मरणाशी निगडित आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला नारायणगावची तमाशाची परंपरा आणि आदिवासी वाड्यांवरची गाणी उपलब्ध आहेत. अर्थशास्त्रासाठी मंचरचा कांदा-बटाट्याचा बाजार आणि नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे. आणि सात विद्यांपैकी खगोलाचे म्हणाल तर खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे.

विद्यार्थ्यांचे वैविध्यही तितकेच लक्षणीय. पश्चिमेकडून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले येतात; त्यांच्या घरी हिरडा गोळा करण्याचा हंगाम हाच नगदी पैशाचा हंगाम असतो. मधल्या बागायती पट्ट्यातून शेतकऱ्यांची, जुन्नर शहरातून मुस्लिम कारागीर-व्यापाऱ्यांची, पूर्वेकडून जिरायती शेती आणि मेंढपाळी करणाऱ्या कुटुंबांची मुले येतात. विविधता हा शब्द परदेशी महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकात ठळक छापला जातो. येथे ती एस.टी.च्या सकाळच्या गाडीत दिसते.

मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हे सूत्र रुजवले. याच महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ या गावचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी मालाचा ट्रक अडवताना प्राणास मुकला. ज्याला शाळेचे फारसे भाग्य लाभले नाही, त्याच्या नावाने त्याच्याच तालुक्यात पदवी दिली जाते, ही गोष्ट कोणत्याही दीक्षान्त भाषणापेक्षा अधिक सांगून जाते.

उपचार की उत्सव?

समारंभ गावाकडे आल्याचा पहिला लाभ सरळ आहे. लोणीहून किंवा आहुप्याच्या बाजूच्या वाडीवरून पुण्याला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोघांचे गाडीभाडे. तालुक्याच्या ठिकाणी मात्र आई-वडील येऊ शकतात. ज्यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही, ती माणसे त्या दिवशी पहिल्या रांगेत बसू शकतात. पदवीपत्रावर नाव एकाचे असले, तरी त्यासाठी राबणारे अनेक असतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते पत्र दिले जाणे ही समारंभाची खरी गरज आहे.

धोकाही तितकाच स्पष्ट आहे. निकाल आणि समारंभ यांत पुष्कळ महिने गेले, की मुले पांगतात. कोणी चाकणच्या कारखान्यात लागतो, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला जातो, मुलींची लग्ने होतात. मग सभागृहात खुर्च्या रिकाम्या, व्यासपीठावर पाहुण्यांची गर्दी आणि उरलेली प्रमाणपत्रे कार्यालयाच्या कपाटात, असे दृश्य उभे राहते. विकेंद्रीकरणाने अंतर कमी झाले. कालावधी कमी झाला नाही, तर अर्धेच काम झाले असे म्हणावे लागेल.

नव्या धोरणाने या प्रश्नात आणखी भर घातली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स, असे बाहेर पडण्याचे टप्पे त्यात आहेत. सोयीसाठी ठेवलेली ही दारे गरीब घरातील मुलांसाठी गळतीची दारे ठरू नयेत, याची काळजी लहान महाविद्यालयांनाच घ्यावी लागेल. पहिल्या वर्षानंतर हातात कागद पडला म्हणून शिक्षण थांबवणारी मुलगी आकडेवारीत ‘बाहेर पडली’ अशी नोंदली जाईल, ‘गळाली’ अशी नव्हे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. समारंभाची तारीख शेतीचा आणि हिरड्याचा हंगाम पाहून ठरवता येते. निकालानंतर शक्य तितक्या लवकर तो घेता येतो. पाहुण्यांची भाषणे आवरून प्रत्येक पदवीधराचे पूर्ण नाव आणि गाव वाचता येते. लहान महाविद्यालयाला हे सहज जमण्यासारखे आहे, कारण तेथे अध्यापक विद्यार्थ्याला नावानिशी ओळखतात. लाखो पदवीधरांच्या विद्यापीठाला ते कधीच जमणार नाही. मूळ अधिकार विद्यापीठाचा असला, तरी हा मान देण्याचे काम आता महाविद्यालयाकडे आले आहे. येत्या समारंभात लोणीचे नाव व्यासपीठावरून उच्चारले जाते की नाही, ते ऐकायला लोणीची माणसे सभागृहात असतात की नाही, यावरून ते काम किती झाले हे कळेल.