संगणकाला जात नसते, पण आकड्यांना असते

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे मजुरी बुडालेला दिवस. म्हणून तंबाखूच्या धुळीने आलेला खोकला ती महिनोन् महिने अंगावर काढते. सरकारी कागदावर तिचा दवाखान्याचा खर्च जवळपास शून्य असतो. मग उद्या एखाद्या संगणकाला "या शहरात सर्वात आजारी कोण?" असे विचारले, तर तो हिच्याकडे बोट दाखवील काय?

अमेरिकेत असा प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेला. कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यायची, हे तिथे एक संगणकीय प्रणाली ठरवत होती. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी तिचे बिंग फोडले. ज्याच्या उपचारावर जास्त पैसा खर्च झाला तो जास्त आजारी, असे ती प्रणाली धरून चालली होती. काळ्या माणसांवर मुळातच कमी खर्च होत होता, म्हणून ती कागदावर ठणठणीत ठरली! ही चूक दुरुस्त केली, तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. संगणकाला कुणाचा वर्ण विचारलाही नव्हता. अन्याय आकड्यांत आधीच मुरलेला होता.

याचा अर्थ विज्ञानाकडे पाठ फिरवावी असा नाही. क्षयरोग हा गरिबांच्या वस्तीतला रोग. छातीचा एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ तिथे मिळत नाहीत. हे काम करणारे सॉफ्टवेअर मुंबईची 'क्युअर डॉट एआय' ही कंपनीही बनवते. १५ वर्षे व त्यावरील लोकांच्या चाळणी तपासणीसाठी अशा तंत्राची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. संगणक एक्स-रेला गुण देतो. ठराविक रेषेच्या वर गुण गेले की पुढची थुंकी तपासणी होते. रेषा वर सरकवली तर खर्च वाचतो, पण खरे रुग्ण सुटतात. खाली आणली तर रुग्ण सापडतात, पण खर्च वाढतो. ही रेषा संगणक आखत नाही, माणूस आखतो. आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असते, विडी कामगार बाई की अंदाजपत्रक?

वेळेवर उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात १९९६ साली बजावले. पण संगणकाने रुग्ण नाकारला तर जाब कुणाला विचारायचा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत उत्तरदायित्व आहे, भेदभावाला मनाईही आहे. मात्र मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावले होते, की मत समान झाले तरी माणसाचे मूल्य समान झालेले नाही. रुपयांत आजार मोजणारा संगणक हेच मूल्य नाकारतो. म्हणून आपल्या दवाखान्यात असे यंत्र आले, तर कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत : ते कुणाच्या नोंदींवर शिकले? इथल्या कष्टकऱ्यांवर तपासून पाहिले काय? आणि चुकले तर जबाबदार कोण? उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार आपल्या हातात आहेच.