भुकेल्या घोड्याला पोटभर का घालू नये?

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्याच्याच परिसरात, पिपरी (मेघे) येथे, पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचा 'करुणाश्रम' आहे. जखमी आणि निराधार प्राण्यांना तेथे आसरा मिळतो. एक माणसांचा दवाखाना, दुसरा जनावरांचा निवारा. पण फार दिवस उपाशी राहिलेला जीव समोर आला, तर दोन्हीकडे एकच नियम पाळावा लागतो : त्याला एकदम पोटभर खाऊ घालायचे नाही. असे का, हे आपण घोड्याच्या उदाहरणावरून पाहू.

घोडाच का? कारण म्हातारा किंवा लंगडा झालेला वरातीचा, टांग्याचा घोडा सांभाळणे मालकाला परवडत नाही, आणि कधी कधी तो मोकळा सोडला जातो. मुंबईत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. हौशीखातर चालणाऱ्या घोडागाड्या, म्हणजे 'व्हिक्टोरिया', बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. गाड्या बंद करता येतात. घोडे मात्र रोज खायला मागतात.

महाराष्ट्रात रानटी घोडे नाहीत. घोड्याची रानटी भावंडे पाहायची तर कच्छच्या रणातले रानगाढव किंवा लडाखमधला कियांग पाहावा लागेल. आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात मोकळे कळप आहेत, पण ते एके काळच्या पाळीव घोड्यांचे वंशज. अमेरिकेतले 'रानटी' घोडेही तसेच. १९७१ च्या कायद्याने त्यांना तेथे संरक्षण मिळाले. पाळीव असो वा मोकळा, घोड्याचे पोट मात्र सारखेच.

हे पोट गाईच्या पोटापेक्षा वेगळे आहे. गाय गवत गिळते तेव्हा ते आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात जाते. तेथे सूक्ष्मजीव त्यातले सेल्युलोज फोडतात, आणि मग पुढचे पचन होते. घोड्यात क्रम उलटा. त्याचे जठर लहान, पूर्ण वाढलेल्या घोड्यातही साधारण ८ ते १५ लिटरचे. सूक्ष्मजीवांचे काम चालते ते शेवटी, अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात. एकटे अंधांत्रच सुमारे ३० लिटरचे असते. लहान जठर आणि मोठे आतडे अशा रचनेला थोडे थोडे, पण सतत खाणे मानवते. चरायला मोकळा असलेला घोडा दिवसाचे १६ तासांपर्यंत चरतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. जास्त खाल्लेले बाहेर टाकण्याचा मार्गच नाही.

आता हाडांचा सापळा झालेला घोडा दारात आला आहे, आणि कोणी कळवळून त्याच्या तोंडाला हरभऱ्याचा भरलेला तोबरा बांधला, असे समजा. दोन संकटे उभी राहतात.

पहिले आतड्यातले. इतका स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो अंधांत्रात पोचतो. तेथे त्याचे झपाट्याने किण्वन होऊन लॅक्टिक आम्ल तयार होते. गवत पचवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांतली विषे रक्तात उतरतात. पोटशूळ उठतो. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा नाजूक थर सुजतो, आणि घोड्याला उभे राहणेही असह्य होते.

दुसरे संकट रक्तातले, आणि ते जास्त फसवे. उपासात शरीर आधी साठवलेली साखर, मग चरबी, आणि शेवटी स्नायूंतली प्रथिने जाळते. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठेही रोडावतात. अचानक पिष्टमय अन्न मिळाले की रक्तातली साखर वाढते आणि तिच्यामागोमाग इन्शुलिन. इन्शुलिन साखरेबरोबर हे क्षारही पेशींत ओढून नेते. रक्तातले फॉस्फेट घसरते. पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी फॉस्फेटशिवाय बनत नाही. मग हृदय आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. खायला लागल्यावर पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत, म्हणजे 'आता वाचला' असे वाटत असतानाच, घोडा दगावू शकतो.

माणसांतही हेच घडते. १९४५ साली छळछावण्यांतून सुटलेले अनेक कैदी पोटभर जेवल्यानंतर मृत्युमुखी पडले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात आधी एफ-७५ हे सौम्य दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात, आणि ते दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजतात. प्रकृती स्थिरावल्यावरच जास्त ऊर्जेचे एफ-१०० सुरू होते.

घोड्यासाठी असा आहार कोणता? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आहारांची तुलना केली. त्यांत वाळलेला लसूणघास उजवा ठरला. त्यात स्टार्च कमी. प्रथिने, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम चांगले. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास. पुढे दहा दिवसांपर्यंत हळूहळू वाढ. हे प्रमाण मोठ्या घोड्याचे आहे. आपल्याकडच्या लहान चणीच्या तट्टाला पशुवैद्यांच्या सल्ल्याने ते कमी करावे लागते. दाण्याची चंदी बरीच नंतर. अंगावर पुरते मांस धरायला काही महिने जातात.

खाण्याबरोबर इतर काळजीही हवी. नव्या घोड्याला आधी वेगळे ठेवून ग्लँडर्सची रक्ततपासणी करतात. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि २००६ मध्ये तो महाराष्ट्रात आढळला होता. दात तपासावे लागतात, कारण ते वेडेवाकडे झिजले असतील तर चारा चावला जात नाही. नालबंदाकडून दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्यावे लागतात. घोड्याला थेट मागचे दिसत नाही, म्हणून त्याच्याजवळ बाजूने, हळू बोलत जावे. माणसाचा स्पर्श न झालेल्या घोड्याजवळ चारा ठेवून मागे सरणे, हीच सुरुवात. आणि तो कळपाचा प्राणी असल्यामुळे त्याला सोबत हवी.

वर्गात करण्याजोगे दोन उपक्रम सुचवतो. विश्रांती घेणाऱ्या घोड्याचे श्वास मुलांनी दुरून, बरगड्यांच्या हालचालीवरून मोजावेत. ते मिनिटाला ८ ते १६ भरतात. मग स्वतःचे मोजून तुलना करावी. दुसरा गणिताचा. खूर महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. पुढची भिंत ९ सेंटिमीटर असेल, तर पूर्ण खूर नवा व्हायला किती महिने लागतील? खुरावर आडवी वळी दिसतात. आजार किंवा खाण्यातला बदल यांची ती खूण असते. वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर खाली ठळक वळे असेल, तर तो प्रसंग कधीचा, हे मुलांना काढता येईल.

गावात असा घोडा आढळला, तर मुलांना एवढे नक्की सांगावे : सावलीत घ्या, स्वच्छ पाणी थोडे थोडे पाजा, मूठभर वाळला चारा टाका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवा. पोळ्या, गूळ, ढेप, हरभरा यांतले काहीही तोपर्यंत देऊ नका.