हिसका गाडीचा, सवय चालकाची

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाणारा रस्ता मोताळा मागे टाकतो आणि राजूर घाटाने अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढू लागतो. वऱ्हाडच्या जुन्या विभागणीत खालच्या पूर्णाकाठच्या सपाट मुलखास पयनघाट आणि वरच्या पठारास बालाघाट म्हणत. या दोहोंना जोडणाऱ्या वाटांपैकी ही एक महत्त्वाची वाट होय. बुलढाणा शहरास रेल्वे नसल्याने मलकापूर स्थानकावर उतरलेला प्रवासी याच मार्गाने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो. मोताळ्याच्या रुग्णास जिल्हा रुग्णालय गाठावयाचे असले, शिक्षकास अथवा पंचायत सदस्यास जिल्हा परिषदेत जावयाचे असले, तरी हाच चढ समोर येतो.

घाटात वाहनाची खरी परीक्षा धावताना नव्हे, तर थांबून पुन्हा निघताना होते. पुढील मालमोटार अडली की मागची गाडी चढावरच उभी राहते. निघताना ती हिसका देते, क्वचित हातभर मागे घसरते. आत रुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल, तर हा हिसका केवळ गैरसोयीचा राहत नाही. क्लच दाबून हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत याचा दोष सर्वजण चालकास देत. आता ‘ऑटोमॅटिक’ गाड्या तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत आणि हिसका बसला की दोष यंत्रास दिला जातो. तो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही.

यंत्राचे दोन प्रकार

इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र थांबलेली असतात. या दोहोंची गाठ अलगद घालून देणे हे क्लचचे काम. स्वयंचलित गाडीत हे काम चालकाच्या डाव्या पायाकडून काढून यंत्राकडे सोपविलेले असते.

पहिल्या प्रकारात ही गाठ तेल घालते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घेतले की ‘टॉर्क कन्व्हर्टर’ची कल्पना स्पष्ट होते. जर्मन अभियंता हेर्मान फ्यॉटिंगर यांनी या तत्त्वाचे पेटंट १९०५ साली घेतले. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० च्या मोटारींत द्रवाच्या जोडणीवर चालणारा स्वयंचलित गिअर प्रथम मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणला.

दुसऱ्या प्रकारात क्लच व गिअर नेहमीचेच असतात. फक्त ते दाबण्याचे व बदलण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा करते. यास ‘एएमटी’ म्हणतात. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओ या मोटारीबरोबर हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आला. येथे तेलाची मऊ गाठ नसून क्लचची कोरडी तबकडी असते. म्हणून निघताना थोडा हिसका जाणवणे हा या प्रकाराचा स्वभाव आहे आणि चालकाच्या पायाने तो कमी-अधिक होतो.

हिसका कोठून येतो?

पहिली सवय घाईची. लिव्हर ‘डी’वर आणताच चालक रेस देतो. परंतु आतील जोडणी पूर्ण होण्यास क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात इंजिनाचा वेग वाढलेला असतो आणि जोडणी होताच सारा जोर एकदम चाकांवर येतो. ब्रेक दाबून लिव्हर हलवावा, जोडणी झाल्याची हलकी जाणीव होऊ द्यावी, मग ब्रेक सोडून पाय हळूहळू दाबावा.

दुसरी सवय गाडी मागे घेताना दिसते. ती पुरती थांबण्याआधीच ‘आर’वरून ‘डी’वर लिव्हर ओढला जातो. उलट फिरणारी चाके थांबविण्याचा भार तेव्हा ब्रेकऐवजी गिअरपेटीवर पडतो.

तिसरी सवय उभ्या गाडीची. चढावर केवळ ‘पी’ लावून हॅण्डब्रेक न ओढता गाडी सोडली, की तिचे सारे वजन गिअरपेटीतील एका लहान खिट्टीवर टेकते. पुढे लिव्हर काढताना ‘खट्’ असा आवाज होऊन गाडी हादरते. आधी हॅण्डब्रेक, नंतर ‘पी’ असा क्रम ठेवल्यास हे टळते.

चौथी सवय घाटात सर्वांत महाग पडते. चढावर थांबलेली गाडी ब्रेकऐवजी थोडी रेस देऊन जागीच धरून ठेवली जाते. एएमटी गाडीत अशा वेळी क्लच घासत राहतो, तापतो, जळका वास येतो आणि पुढे प्रत्येक प्रारंभी गाडी थरथरू लागते. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर तेल तापून लवकर निकामी होते. गाडी ब्रेकवर किंवा हॅण्डब्रेकवर धरावी आणि निघताना रेस देत तो सोडावा.

पाचवी बाब डाव्या पायाची. वर्षानुवर्षे क्लच दाबण्याची सवय असलेला हा पाय नकळत पुढे जातो आणि क्लच समजून ब्रेक जोराने दाबतो. दोन पायटे असलेल्या गाडीत डाव्या पायास विश्रांती द्यावी.

यंत्रही शिकते

अनेक आधुनिक गाड्यांतील नियंत्रक संगणक क्लच कोठे पकड घेतो, जोडणीस किती वेळ लागतो याची नोंद ठेवतो आणि झीज होईल तसा दाब बदलतो. काही गाड्यांत चालक रेस कशी देतो, यावरून गिअर बदलण्याची वेळही ठरते. म्हणून एकच वाहन अनेकांच्या हाती फिरत असेल, तर त्याची चाल एकसारखी वाटत नाही. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर ही नोंद पुसली जाते व थोडे दिवस हिसके वाढतात. तेवढ्यावरून मोठ्या दुरुस्तीचा निर्णय घेणे योग्य नव्हे.

दोष की सवय?

ही पारख अवघड नाही. तेच वाहन त्याच चढावर दुसऱ्या अनुभवी चालकाने चालवून पाहावे. हिसका नाहीसा झाला, तर कारण सवयीत आहे. कोणीही चालविले तरी तो येत असेल, लिव्हर ‘डी’वर आणल्यावर गाडी क्षण-दोन क्षण थबकून मग धक्का देत असेल, तर तेल कमी किंवा जुने असणे, इंजिनाखालील रबरी आधार फाटणे, चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यात ढिलाई येणे अशी कारणे संभवतात. अशा वेळी कार्यशाळेत विलंब करू नये. सरकारी वाहनाच्या लॉगबुकात हिसका केव्हा आला, इंजिन थंड होते की तापलेले, रस्ता सपाट होता की चढाचा, एवढी नोंद केली तरी तंत्रज्ञाचे निम्मे काम होते. अशा नोंदीमुळे चालकावर अकारण ठपका येत नाही आणि लोकांच्या पैशातून नको ती दुरुस्तीही होत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एस.टी.ची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. विजेच्या मोटारीस क्लच लागत नाही. थांबलेल्या स्थितीतच तिचा पूर्ण जोर उपलब्ध असतो. तरीही तो जोर प्रवाशांपर्यंत अलगद पोहोचावा की धक्क्याने, हे बऱ्याच अंशी चालकाच्या पायावरच राहते. राजूर घाटाच्या चढावर उद्या कोणतेही वाहन आले, तरी ही जबाबदारी बदलणार नाही.