कात्री तिरकी गेली तिथे

टीन आयडल्सची सात इंची रेकॉर्ड हातात आली की मी ती आधी वाजवत नाही, पाकिटाच्या कडा बघतो. माझ्या प्रतीवर एका बाजूला कात्री तिरकी गेलीय, गोंद पिवळा पडलाय. १९८० साली वॉशिंग्टनमधल्या या पोरांचा पंक बँड मोडला. कार्यक्रमांचे साठलेले पैसे वाटून न घेता त्यांनी आठ गाण्यांची ही तबकडी काढली. त्यासाठीच बँडमधल्या इयन मकाय, जेफ नेल्सन वगैरेंनी ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल सुरू केलं. प्रती हजार. पाकिटं मित्रमंडळींनी घरीच कापली, दुमडली, चिकटवली. वर मुठी, मुठींवर काळ्या फुल्या. क्लबात कोवळ्या पोरांना दारू देऊ नये म्हणून मारायची ही खूण.

मग मकाय-नेल्सनचाच पुढचा बँड, मायनर थ्रेट. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या पाकिटाचा रंग छपाईगणिक बदलला, आणि इथेच मी फसलो. लाल रंगाला भुलून एकाकडून चढ्या भावात घेतली. घरी दिव्याखाली धरून मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेली अक्षरं वाचली, तर पाकीट जुनं, तबकडी नंतरची!

बायको म्हणाली, “गाणी तीच आहेत ना?”

आहेत. पण तिला आता काय सांगू?