हौस आणि उपजीविका : खानदेशातील मोटारप्रेमींच्या व्यवसायांविषयी काही विचार

एखाद्या मंडळाच्या सभासदांची यादी हाती आली की सामान्य वाचक तीत ओळखीची नावे शोधतो. समाजाचा अभ्यासक मात्र नावापुढील व्यवसायाचा रकाना आधी वाचतो. व्यायामशाळा, वाचनालय, भजनी मंडळ किंवा पतपेढी यांचे सभासद कोणत्या कामधंद्यातून येतात, यावरून त्या गावाची घडण पुष्कळ अंशी कळते. मोटारींची आवड असणाऱ्यांचे मंडळही यास अपवाद नाही. अशा मंडळातील माणसे पोटासाठी काय करतात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कुतूहलाचा वाटतो. परंतु हौस कोणाची मानावी आणि कोणाची मानू नये, हा अधिक गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम अशा मंडळांच्या उगमाकडे पाहू. जगातील सर्वांत जुने मोटार-मंडळ पॅरिस येथे १८९५ साली स्थापन झाले. त्याच्या तीन संस्थापकांपैकी आल्बेर द दियों हे मोटारींचे कारखानदार, बॅरन व्हान झाउलेन हे धनाढ्य सरदार आणि पॉल मेयाँ हे पत्रकार होते. लंडनचे मंडळ १८९७ साली निघाले. त्याचे प्रवर्तक फ्रेडरिक सिम्स यांनी डेमलर एंजिनाचे हक्क ब्रिटनमध्ये आणले होते. म्हणजे मोटार बनविणारा, ती विकत घेणारा, तिचा लौकिक करणारा आणि तिचा व्यापार करणारा असे चौघे या मंडळांच्या पायाशी होते. यावरून हौस आणि धंदा यांची फारकत आरंभीसुद्धा नव्हती, हे उघड आहे. मात्र मोटार चालविणारा व बिघडल्यास ती दुरुस्त करणारा हात बहुधा पगारी नोकराचा असे, आणि त्या हाताला सभासदत्व नसे. आपल्याकडे मुंबईस १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. मोटारमालकांची सोय व मार्गदर्शन हाच तिचा मुख्य हेतू होता.

खानदेशात मोटारीला जे स्थान मिळाले, त्याची कारणे येथील भूगोलात आहेत. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव हे एकाचे व धुळे हे दुसऱ्याचे मुख्य ठाणे झाले. जळगाव-भुसावळ हा भाग लोहमार्गाच्या हमरस्त्यावर पडला. धुळ्यास मात्र १९०० साली चाळीसगावहून एक फाटा तेवढा मिळाला, आणि तेथून सातपुडा ओलांडून माळव्यात जाणारा लोहमार्ग अद्यापही झालेला नाही. ही उणीव मुंबई-आग्रा रस्त्याने भरून काढली. पुढे सुरतेहून जळगाव-नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्यासच या रस्त्याला छेदून गेल्यामुळे धुळे हे मालमोटारींचे नाके बनले. कापसाचे गाठोडे, डाळींची पोती, रावेर-यावलची केळी यांना गाडीच लागते. यास्तव येथील माणसाची मोटारीशी जी ओळख झाली, ती सहलीच्या निमित्ताने नव्हे, तर भाड्याच्या निमित्ताने झाली.

कायद्यानेही हा भेद लवकरच पक्का केला. मोटारींची नोंदणी व चालकाचा परवाना यांविषयीचा अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. १९३९ च्या कायद्याने भाडोत्री वाहतुकीच्या गाड्यांना निराळा परवाना लागू करून कमाईची गाडी आणि स्वतःची गाडी अशा दोन जाती सर्व देशभर ठरविल्या. १९४८ पासून मुंबई राज्यात उतारूंची वाहतूक सरकारी महामंडळाकडे जाऊ लागली. त्यामुळे खासगी बसमालकांचा धंदा आटोपत गेला; परंतु एंजिन उघडण्याची व जोडण्याची विद्या मात्र गावातच राहिली. मालमोटारींवर, ट्रॅक्टरांवर आणि जीपगाड्यांवर ती पोसली गेली.

या पार्श्वभूमीवर आजच्या मोटारप्रेमींचा विचार केला असता त्यांचे चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग व्यापारी, डॉक्टर, वकील व ठेकेदार यांचा. यांचे उत्पन्न गाडीवर अवलंबून नसते, गाडी त्यांच्या उत्पन्नावर अवलंबून असते. दुसरा वर्ग बागायतदार शेतकऱ्यांचा. शेतावरची जुनी जीप ही त्याला अवजारही असते आणि जिव्हाळ्याची वस्तूही असते. या दोहोंत रेषा कोठे ओढावी हे त्यालाही सांगता येणार नाही. तिसरा वर्ग शिक्षक, बँकेतील कर्मचारी यांसारख्या पगारदारांचा. यांची हौस बहुधा एखाद्या जुन्या मोटारसायकलीवर भागते. चौथा वर्ग ज्यांचे पोटच गाडीवर चालते अशांचा : गॅरेजवाले, सुट्या भागांचे दुकानदार, मालमोटारींचे मालक, चालक आणि मिस्त्री.

या वर्गांतील कोण मंडळात येतो आणि कोण बाहेर राहतो, हे केवळ आवडीवर ठरत नाही. जुनी गाडी बाळगण्यास चार गोष्टी लागतात : दुसऱ्या गाडीपुरते छप्पर, आठवड्यातील एक मोकळा दिवस, खर्चावयास शिल्लक पैसा आणि गाडी जाणणारा हात. पहिल्या तीन गोष्टी सामान्यतः पहिल्या वर्गाकडे असतात. चौथी मात्र चौथ्या वर्गाकडेच असते. बाजारात न मिळणारा भाग लेथवर कातून घेणे, कार्ब्युरेटरचा सूर कानाने जुळविणे, पत्रा ठोकून मूळ वळणावर आणणे ही कामे मिस्त्रीची. मिस्त्रीला गाडीची आवड नसते असे कोण म्हणेल? परंतु त्याने पैसे घेतले म्हणून त्याची आवड धंद्याच्या खाती जमा होते, आणि मालकाने पैसे दिले म्हणून त्याची आवड हौसेच्या खाती. हौसेला मोल नाही, ही म्हण येथे नेमकी उलटी पडते : जिला मोल मिळाले ती हौस राहत नाही, असाच हा हिशेब आहे.

हा हिशेब २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जवळजवळ शब्दशः उतरला. त्या वर्षी पुरातन, म्हणजे व्हिंटेज, वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी वा चारचाकी गाडी तीस पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. या तरतुदीच्या दोन अटी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अट अशी की, अशी गाडी रोजच्या वापरास अथवा व्यापारी कामास लावता येत नाही. दुसरी अशी की, गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, साटा अथवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

आता या अटी खानदेशातील गाड्यांना लावून पाहाव्यात. पन्नास वर्षांची मर्यादा कालगणनेबरोबर पुढे सरकते. एके काळी पुरातन गाडी म्हटली की संस्थानिकांची रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे येई. आज १९७० च्या आसपासची अँबॅसडर, जीप किंवा राजदूत मोटारसायकलही त्या वयात पोहोचली आहे. अर्थात वयाच्या दृष्टीने पाहिल्यास व्यापाऱ्याची, शेतकऱ्याची आणि छोट्या ठेकेदाराची गाडी मानाच्या पंक्तीस येऊन बसली आहे. परंतु दुसरी अट तिला पंक्तीतून उठविते. पेट्रोल परवडेना म्हणून ज्या जीपमध्ये डिझेलचे एंजिन बसविले गेले, उतारू अधिक बसावेत म्हणून जिचा साटा वाढविला गेला, तिचे मूळ स्वरूप राहिलेच नाही. उलट जी गाडी घरच्या सुबत्तेमुळे छपराखाली जशीच्या तशी उभी राहिली, ती सहज पात्र ठरते. कष्टाच्या खुणा हाच येथे दोष होतो.

नियमाचा हेतू वाईट आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. ऐतिहासिक वस्तूचे मूळ रूप टिकविणे हे संग्राहकाचे कर्तव्यच आहे, आणि मूळ व फेरफार यांत भेद न केल्यास जतनाला अर्थ उरत नाही. मात्र गाडीच्या इतिहासात कारखान्यातून बाहेर पडतानाचा दिवस तेवढा मोजावा, की तिने पुढे पन्नास वर्षे कोणाकोणाचे संसार ओढले तेही मोजावे, हा विचार अभ्यासकाने तरी टाळू नये. बदललेले एंजिन हाही एक दस्तऐवज आहे. त्यावरून त्या काळचे इंधनाचे भाव, रस्त्यांची अवस्था आणि मिस्त्रीचे कसब ही तिन्ही वाचता येतात.

या प्रश्नास आता काळाचीही निकड आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला, आणि दोष शोधण्याचे काम कानाकडून यंत्राकडे गेले. त्यामुळे जुन्या गाडीची विद्या नव्या उमेदवाराला शिकविण्याचे प्रसंगच कमी होत आहेत. ही विद्या ग्रंथांत फारशी नाही. ती उमेदवारीने, उस्तादाच्या शेजारी बसून मिळते. गाडी जतन झाली आणि ती जाणणारा हात नाहीसा झाला, तर उरेल ती केवळ शोभेची वस्तू.

यास्तव, जळगाव वा धुळ्यास मोटारप्रेमींचे कोणतेही मंडळ आपल्या सभासदांची नोंद करू लागेल, तेव्हा तीत व्यवसायाचा रकाना अवश्य असावा. आणि गाडीच्या मालकाच्या नावाखाली, ती ज्याने चालती ठेवली त्या कारागिराचेही नाव असावे. आमच्या विद्यार्थ्यांनीही आपापल्या गावातील वृद्ध मिस्त्रींकडे जाऊन, त्यांनी कोणत्या गाडीत कोणता बदल केला आणि का केला, हे लिहून घेतल्यास खानदेशाच्या आर्थिक इतिहासाचे एक न लिहिलेले प्रकरण हाती येईल. हे साधन फार दिवस वाट पाहणारे नाही.